नमुन्यांचा डबा वाटेत फुटला, भिजला किंवा हरवला तर: कोणाला, कधी आणि काय कळवायचं

थुंकीची फाल्कन ट्यूब, रक्ताची व्हायल, घशातल्या स्वॅबची नळी, मेलेल्या कोंबडीच्या अवयवाचा तुकडा, दवाखान्यातली कचऱ्याची पिवळी पिशवी. असलं काही ना काही रोज कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या लॅबला, जिल्ह्याहून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, नाहीतर कचरा प्रक्रिया केंद्राकडे जात असतं. बहुतेक डबे धड पोहोचतात. जे पोहोचत नाहीत किंवा बिघडून पोहोचतात, त्यांच्याबाबत काय करायचं ते इथे सांगतो आहे. हे काम नव्याने हाती घेतलेल्या लॅब टेक्निशियनसाठी, नमुने ने-आण करणाऱ्या रनरसाठी, कुरिअरच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठी आणि बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीवरच्या चालक-मदतनिसांसाठी हा लेख आहे.

नव्या माणसाचा पहिला कल डबा सावरण्याकडे असतो. तो पुसायचा, नवी चिकटपट्टी मारायची, कसातरी पोहोचवायचा आणि कोणी विचारलं तरच बोलायचं. यात वाईट हेतू नसतो, ओरडा बसेल याची भीती असते. पण तासाभराने लॅबला कळतं तोवर डबा आणखी तिघांच्या हातून गेलेला असतो आणि कोणाकोणाचा संपर्क आला हे शोधणं अवघड होऊन बसतं. म्हणून क्रम पक्का करून टाका: आधी माणूस, त्याच्या पाठोपाठ फोन, डबा त्यानंतर.

निघण्याआधीच करून ठेवायचं

घटना कळवणं सोपं जाणार की अवघड, हे डबा निघण्याआधीच ठरतं. डब्यात काय आहे, कोणी पाठवलं आणि कोणाकडे चाललंय हे वाटेत सांगता आलं नाही, तर पुढचं सगळंच अडतं.

नमुन्यांचं पॅकिंग तीन थरांचं असतं. सगळ्यात आत गळणार नाही अशी नळी किंवा बाटली. तिच्याभोवती, आतला सगळा द्रव शोषून घेईल इतका कापूस किंवा शोषक कागद. मग दुसरा न गळणारा डबा किंवा पिशवी, आणि सगळ्यात बाहेर कडक खोका. आत काय काय आहे याची यादी दुसऱ्या आणि बाहेरच्या थराच्या मध्ये ठेवायची असते. आता गोम अशी की डब्यात पाणी शिरलं तर सगळ्यात आधी भिजते ती हीच यादी. निघण्यापूर्वी यादीचा फोटो काढून पाठवणाऱ्या लॅबकडे ठेवा. तपासणीचा फॉर्म नळीला गुंडाळू नका, वेगळ्या झिपलॉक पिशवीत घाला. मी पाहिलेल्या एका फॉर्मवरची निळी शाई पसरून नाव, वय, लॅब क्रमांक सगळं एक झालं होतं. नळी धड होती, पण ती कोणाची हे सांगता येत नव्हतं. तो नमुना बाद करावा लागला.

जवळ एक छोटं कार्ड ठेवा, छापील किंवा हाताने लिहिलेलं. त्यावर पाठवणाऱ्या लॅबचा नंबर, घेणाऱ्या लॅबचा नंबर, तुमच्या वरिष्ठांचा नंबर, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांच्या (साथींवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यालयाचा नंबर, आणि ११२ व १०८. नंबर मोबाइलमध्ये असले तरी कार्ड हवंच, कारण गाडी आपटली तर मोबाइलही फुटतो आणि दुसऱ्या कोणाला तुमच्या वतीने फोन करावा लागू शकतो. खोक्यावर किंवा सोबतच्या कागदावर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन असायलाच हवा. तो नंबर खरोखर उचलला जातो का, हे एकदा लावून पाहा. टेबलावरचा लँडलाइन संध्याकाळी सहानंतर कोणी उचलत नसेल, तर रात्रीच्या पार्सलला तो नंबर देऊन उपयोग नाही.

गाडीत स्पिल किट हवं: जाड हातमोजांच्या दोन जोड्या, मास्क, चष्मा, भरपूर टिश्यू किंवा जुनं सुती कापड, चिमटा, पिवळ्या पिशव्या, सुई-काच आरपार न जाणारा छोटा डबा, आणि हायपोक्लोराइट हे जंतुनाशक. हायपोक्लोराइट १ टक्का लागतं. तुमच्याकडचं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एक भागाला चार भाग पाणी, १० टक्क्यांचं असेल तर एक भागाला नऊ भाग पाणी. पातळ केलेलं द्रावण टिकत नाही, रोज ताजं करा.

डब्यात नेमकं काय आहे?

फोनवर पहिला प्रश्न हाच येणार, म्हणून वर्गीकरण डोक्यात असू द्या. संसर्गजन्य पदार्थांचे ढोबळ दोन गट आहेत. ज्यांच्या संपर्काने निरोगी माणसाला किंवा जनावराला कायमचं अपंगत्व, जिवावर बेतणारा किंवा प्राणघातक आजार होऊ शकतो तो गट 'अ'. माणसांच्या बाबतीत त्याचा यूएन (संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक मालासाठीचा) क्रमांक २८१४, फक्त जनावरांना होणाऱ्या रोगांसाठी यूएन २९००. बाकीचे बहुतेक तपासणीचे नमुने गट 'ब' मध्ये येतात, यूएन ३३७३. खोक्यावर कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या चिन्हात हा आकडा लिहिलेला असतो.

यात नव्या माणसाची गल्लत कुठे होते ते कोकणातल्या उदाहरणावरून पाहू. दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचे रुग्ण सापडत आले आहेत. तापाच्या रुग्णाचं रक्त डेंग्यूसाठी पाठवलं तर ते गट 'ब', कारण डेंग्यूचा विषाणू फक्त कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंच्या, रूपात असला तरच गट 'अ' मध्ये मोडतो. तेच रक्त माकडतापाच्या संशयाने पाठवलं तर गट 'अ', कारण त्या विषाणूला कल्चरची अट नाही. नळी तीच, लाल झाकणही तेच, पण वाटेत फुटली तर कळवण्याची घाई आणि कोणाकोणाला सांगायचं हे बदलतं. क्षयरोगाचं पण असंच आहे. थुंकीचा नमुना गट 'ब', लॅबमध्ये वाढवलेलं कल्चर गट 'अ'. निपाह मात्र कोणत्याही रूपात 'अ'च. शंका असेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा आणि कार्डावर लिहून घ्या.

घटना कशाला म्हणायचं?

फुटलं, सांडलं तरच घटना असं बहुतेकांना वाटतं. ही यादी बरीच मोठी आहे. खोका चेमटला, कोपरा फाटला. खोका ओला लागला. डबा हरवला किंवा चोरीला गेला. चुकीच्या पत्त्यावर गेला. उन्हात तासन्‌तास राहिला आणि २ ते ८ अंशांत ठेवायचा नमुना गरम झाला. यादीत बारा नळ्या आणि आत अकरा. नळीवर एक नाव, फॉर्मवर दुसरं. कोणीतरी खोका उघडून पाहिला. हाताळताना कोणाला सुई टोचली, डोळ्यात थेंब उडाला. गाडीला अपघात झाला पण डबा धड आहे. हे सगळं कळवायचं.

ओल्या खोक्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण रोजच्या कामात हाच प्रसंग सगळ्यात जास्त येतो आणि याच ठिकाणी माणसं स्वतःची समजूत घालून घेतात. खोक्याचा तळ ओला आहे. आईसपॅकला पाझर फुटला असेल, बाहेरच्या दमट हवेने घाम धरला असेल, पावसाचं पाणी असेल, किंवा नळी गळली असेल. बाहेरून बघून यातलं काय ते कोणालाच सांगता येत नाही. रंग नाही म्हणून थुंकी नाही, वास नाही म्हणून रक्त नाही, असे अंदाज बांधू नका. सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाण्यासारखंच दिसतं. ओला खोका लॅबमध्ये सुरक्षा कॅबिनेटखाली (हवा गाळणाऱ्या कपाटात) उघडून पाहीपर्यंत गळतीचाच धरायचा. तो मोठ्या न गळणाऱ्या पिशवीत सरळ उभा ठेवा, शेजारचे खोके वेगळे काढून त्यांनाही ओल लागली का पाहा, आणि फोन करा. आत फक्त बर्फाचं पाणी निघालं तरी तुमचा फोन वाया गेलेला नसतो. पॅकिंग नीट नव्हतं, ही माहिती त्यातून पाठवणाऱ्या लॅबला मिळते. आईसपॅक वितळल्यावर आतला डबा सैल पडून हलतो, तो जागचा हलू नये म्हणून आत आधार द्यायचा असतो. तो बहुतेक वेळा दिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. गट 'ब'चा खोका १.२ मीटर उंचीवरून पडला तरी आतून गळू नये अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. गट 'अ'च्या खोक्याची चाचणी ९ मीटरवरून होते. धावत्या मोटारसायकलवरून पडलेला खोका १.२ मीटरच्या हिशेबात बसत नाही. वरून धड दिसला तरी तो कळवायचा.

पहिली दहा मिनिटं

गाडी बाजूला घ्या. सांडलेलं गाडीच्या आत असेल तर एसी बंद करा, सगळी दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभे राहा. लोक जमतील, मोबाइल काढतील. त्यांना शांतपणे सांगा, "दवाखान्याचं सामान आहे, जवळ येऊ नका, आम्ही बोलावलंय." एवढं पुरे. रोगाचं नाव रस्त्यात उच्चारू नका, त्याने गर्दी पांगत नाही, घबराट तेवढी पसरते.

कोणाच्या अंगावर उडालं असेल तर ते लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाणी सोडत राहा. सुई किंवा काच टोचली असेल तर जखम दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, त्वचेवर हायपोक्लोराइट किंवा डेटॉल ओतू नका. साबण-पाणी. मग ताबडतोब जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. कावीळ 'ब'ची लस घेतली होती का, हेही तिथे विचारलं जाईल. हे सगळं तुमचे साहेब लोक ठरवतील, अशा भरवशावर थांबू नका. फोन चालू ठेवा आणि रुग्णालयाच्या रस्त्याला लागा.

डब्याला हात कमीत कमी लावा. उघडून बघायचं नाही, नळ्या मोजायच्या नाहीत. गळती दिसत असेल तर हातमोजे घालून खोका पिशवीत बंद करा.

फोनवर काय बोलायचं

पहिला फोन पाठवणाऱ्या लॅबला, कारण आत काय आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. तो न लागल्यास घेणाऱ्या लॅबला. बोलणं एखाद्या मिनिटात उरकलं पाहिजे. आपण कुठे आहोत, काय दिसतंय, कोणाला लागलंय का, आणि मदत काय हवी. साधारण असं:

"मॅडम, मी सॅम्पल घेऊन येणारा रनर बोलतोय. सावंतवाडीच्या अलीकडे रस्त्यावर आहे. दहा चाळीसला गाडी घसरली. निळा डबा खाली पडला, एका कोपऱ्याला तडा गेलाय, तिथून ओल दिसतेय. मी डबा पिशवीत घातलाय, उघडलेला नाही. मला खरचटलंय, पण डब्यातलं काही अंगावर आलेलं नाही. एका माणसाने डबा उचलून दिला, त्याच्या हाताला ओल लागली होती, त्याने हात धुतलेत, त्याचा नंबर घेतलाय. डब्यावर यूएन ३३७३ आहे, आठ नळ्या. पुढे काय करू?"

यात जमिनीवरून डबा उचलून देणाऱ्या त्या माणसाचा उल्लेख सगळ्यात महत्त्वाचा. मदतीला धावून येणारे लोक आपल्या हिशेबात राहत नाहीत, आणि त्यांना कोणी पुढे विचारतही नाही. त्यांचं नाव-नंबर घ्यायला लाजू नका. "दादा, तुम्हाला काही होणार नाही, पण डॉक्टरांनी फोन केला तर उचला" असं सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही.

लॅबमधून फोन घेणाऱ्यासाठीही एक सांगणं आहे. "कसा पाडलास?" हा प्रश्न त्या क्षणी विचारू नका. त्याला सांगा, थांब, हे कर, मी पंधरा मिनिटांनी परत फोन करते. फोन केल्यावर ज्याला बोलणी खावी लागली, तो पुढच्या वेळी फोन करत नाही. एवढ्याने तुमची सगळी कळवण्याची व्यवस्था कोसळते.

फोन झाला की लगेच एक लेखी मेसेज टाका, तीच माहिती, वेळेसकट. फोटो काढा: खोक्याच्या चारही बाजू, चिन्ह, तडा, जागा. पण रुग्णाचं नाव दिसणारा फोटो ग्रुपवर टाकू नका. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार, काही ठरावीक अपवाद सोडता, कोणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. रुग्णाच्या आणि लॅबच्या नावासकट नळीचा फोटो ग्रुपवर गेला की तेच घडतं. लॅब क्रमांकाने काम भागतं.

कोणाला कळवायचं हे मार्गावर ठरतं

पाठवणारी लॅब, घेणारी लॅब आणि स्वतःची संस्था या तिघांना प्रत्येक वेळी कळवायचं. त्याखेरीज वाहतुकीचं साधन आणि डब्यातला पदार्थ पाहून पुढचे फोन ठरतात.

गट 'अ' किंवा लोकांचा संपर्क आलेली कोणतीही गळती असेल तर सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला कळवणं आलंच. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, शहरात महानगरपालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, आणि दोन्हीकडे जिल्हा सर्वेक्षण अधिकारी. बहुतेक वेळा हा फोन तुमचे वरिष्ठ करतील. रनरने वरिष्ठांना सांगितलं की त्याचं काम झालं, पण वरिष्ठांनी पुढे कळवलं का हे दुपारपर्यंत विचारून घ्यावं.

जनावरांचे नमुने असतील तर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरला देशात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला तेव्हा नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले. आजही असे नमुने लांब जातात, राज्याची हद्द ओलांडतात. डबा ज्या जिल्ह्यात फुटला तिथल्या विभागाला सांगणं त्यामुळे गरजेचं. आपल्या जिल्ह्यातल्यांना कळवून भागत नाही.

धोकादायक माल नेणाऱ्या मालवाहू गाडीला अपघात झाला तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३६ लागू होतो. चालकाने लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीच्या मालकाला किंवा वाहतूकदाराला कळवायचं असतं. पोलिसांना फोन करताना डब्यात काय आहे तेही सांगा, म्हणजे हवालदार हातमोज्यांशिवाय डबा उचलणार नाही. डबा चोरीला गेला असेल तरही पोलीस ठाणं. चोराला आत मोबाइल असल्यासारखा वाटलेला असतो, तो उघडतो आणि रस्त्याकडेला टाकून देतो. शोध लवकर सुरू झाला तर डबा सापडतो आणि उचलणाऱ्यापर्यंतही पोहोचता येतं.

विमानाने जाणारं पार्सल बिघडलं तर विमान कंपनीला तत्काळ सांगायचं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवण्याचं काम कंपनीचं. नमुना आहे हे न सांगता साधं पार्सल म्हणून विमानात चढवलेला डबा सापडला, तर त्यात काही सांडलं नसलं तरी तीही कळवण्याजोगी घटना ठरते. नमुना हातातल्या बॅगेत घालून विमानाने नेता येत नाही, कितीही निकड असली तरी.

एसटीच्या पार्सलमध्ये किंवा खासगी बसच्या क्लिनरकडे "जरा तेवढं द्या" म्हणून नमुना देण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. डबा हरवला तर तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंदच नसते, आणि फुटला तर बसमधल्या चाळीस माणसांपैकी कोणाला सांगायचं?

सांडलेलं आवरताना

रस्त्यावर साफसफाई तुम्हीच करायची का, हे लॅबला विचारून ठरवा. गट 'अ' असेल तर नाही, जागा अडवून थांबा. गट 'ब'ची थोडीशी गळती असेल आणि किट असेल तर करता येतं. हातमोजांच्या दोन जोड्या, मास्क, चष्मा. सांडलेल्यावर टिश्यू अलगद पसरा, त्यावर हायपोक्लोराइट बाहेरच्या कडेकडून मधे असं ओता, ३० मिनिटं राहू द्या. घाईने पुसलं तर तुम्ही ते पसरवता. मग टिश्यू गोळा करून पिवळ्या पिशवीत. काच चिमट्याने, निळी खूण असलेल्या, सुई-काच आरपार न जाणाऱ्या डब्यात. पुन्हा एकदा हायपोक्लोराइट, मग पाणी. सगळं आवरल्यावर हातमोजे काढा, हात धुवा. क्षयरोगाच्या थुंकीसाठी तुमची लॅब ५ टक्के फिनॉल देत असेल तर तेच वापरा, दोन रसायनं एकत्र करू नका. या सगळ्यात किती वाजता काय केलं ते लिहून ठेवा.

लेखी अहवाल

त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी आठवण बदललेली असते. जे पाहिलं ते लिहा, जे वाटलं ते नको. "पॅकिंग निकृष्ट होतं" असं न लिहिता "दुसऱ्या थरात शोषक कापूस नव्हता, नळीचं झाकण आडवं बसलेलं होतं, पॅराफिल्म (झाकणावर ताणून लावायची पट्टी) नव्हती" असं लिहा. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर सुधारणा.

एक छोटा नमुना देतो:

"सकाळी १०.४० वा. दुचाकी घसरून नमुन्यांचा डबा रस्त्यावर पडला. डब्यात थुंकीचे ८ नमुने, यूएन ३३७३. बाहेरच्या डब्याला एका कोपऱ्यात तडा, ओल दिसली. १०.४६ वा. पाठवणाऱ्या प्रा. आ. केंद्राला फोन, १०.५० वा. घेणाऱ्या लॅबला फोन. डबा न उघडता पिशवीबंद केला. संपर्क: वाहक (उजव्या कोपराला खरचटलं, नमुन्याचा संपर्क नाही), एक वाटसरू (तळहाताला ओल लागली, साबणाने धुतलं, संपर्क क्रमांक लॅबकडे). १२.१५ वा. डबा लॅबमध्ये सुरक्षा कॅबिनेटखाली उघडला. लॅब क्रमांक ३ ची नळी झाकणातून गळलेली, बाकी ७ धड. गळती दुसऱ्या थरातल्या पिशवीत अडलेली, बाहेरची ओल आईसपॅकची. नळी क्र. ३ बाद, नवा नमुना मागवला."

एवढ्यात सगळं आलं. कोणाचा दोष, हे यात कुठेही नाही, आणि ते नसावंच.

कचऱ्याच्या गाडीचे नियम वेगळे आहेत

नमुन्यांच्या बाबतीत बरंचसं संस्थेच्या कार्यपद्धतीवर चालतं. दवाखान्याच्या कचऱ्याचा कायदा मात्र स्पष्ट आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधला नियम १५ सांगतो की कचरा हाताळताना किंवा वाहून नेताना मोठा अपघात झाला, तर अधिकृत व्यक्तीने विहित प्राधिकरणाला तत्काळ कळवायचं आणि २४ तासांच्या आत नमुना-१ मध्ये लेखी अहवाल द्यायचा. महाराष्ट्रात हे प्राधिकरण म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ.

मोठा अपघात म्हणजे काय, हेही नियमांतच दिलंय. मोठ्या संख्येने लोकांवर परिणाम होऊ शकेल असा अपघात, त्यात कचऱ्याची गाडी उलटणं आणि कचरा पाण्याच्या साठ्यात जाणं हे येतं. सुई टोचणं आणि पारा सांडणं त्यात धरलेलं नाही. म्हणून सुई टोचल्याचं सांगायचंच नाही, असा अर्थ काही ठिकाणी काढला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. बाकीच्या सगळ्या अपघातांची माहिती वार्षिक अहवालात द्यावी लागते, आणि तो अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत जायचा असतो. ज्याला सुई टोचली त्याच्या औषधांची वेळ तर जूनची वाट पाहत नाही.

नमुना-१ मध्ये तारीख-वेळ, अपघाताचा प्रकार, घटना कशी घडत गेली, प्राधिकरणाला लगेच कळवलं होतं का, कोणता कचरा होता, माणसांवर आणि पर्यावरणावर काय परिणाम झाला, तातडीने काय केलं, परिणाम कमी करायला काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, आणि संस्थेचं आपत्कालीन धोरण आहे का, एवढे रकाने आहेत. "घटना कशी घडत गेली" हा रकाना बहुतेक जण एका ओळीत संपवतात. तिथेच जास्त लिहा: पिशव्या किती भरल्या होत्या, गाडीचं दार कुलूपबंद होतं का, चालक किती तासांपासून गाडीवर होता. गाडी ओढ्यात किंवा विहिरीजवळ उलटली असेल तर २४ तासांच्या कागदाची वाट न पाहता ग्रामपंचायतीला त्याच क्षणी सांगा, म्हणजे ते पाणी कोणी भरणार नाही. वर्षभरात एकही मोठा अपघात झाला नसेल तरी तसा निरंक अहवाल द्यावा लागतो.

त्यानंतरचे काही आठवडे

ज्यांचा संपर्क आला त्यांची यादी लॅबमध्ये एका ठरलेल्या माणसाकडे असावी. रक्ताचा संपर्क असेल तर त्या दिवशी आणि पुढे काही महिने ठरावीक अंतराने एचआयव्हीची तपासणी होते. तारखा त्या माणसाला लिहून द्या, तोंडी सांगू नका. माकडतापासारख्या संशयात रोज ताप बघायला सांगा आणि ताप आला तर कोणाकडे जायचं त्या डॉक्टरांचा नंबर द्या. रनर कंत्राटी असो, कुरिअरचा असो, नाहीतर रस्त्यावरचा वाटसरू, सगळ्यांना हे सारखंच मिळालं पाहिजे. यात कंत्राटी माणूस सुटतो, कारण त्याची हजेरी दुसऱ्याच्या रजिस्टरवर असते.

बाद झालेल्या प्रत्येक नळीमागे एक रुग्ण आहे, जो निकालाची वाट बघतोय. त्याला त्याच दिवशी कळवायचं काम पाठवणाऱ्या केंद्राचं, आणि ते आशाताईंवर "सांगून टाका" म्हणून ढकलायचं नाही. नेमकं सांगा: नमुना वाटेत खराब झाला, तुमची काही चूक नाही, उद्या सकाळी उपाशी यायची गरज नाही, थुंकीची बाटली घरपोच देतो, सकाळी उठल्यावर चूळ भरून खोल खोकून द्या. पाठीच्या कण्यातलं पाणी किंवा बायोप्सीसारखा नमुना असेल तर तो पुन्हा सहज मिळत नाही, अशा वेळी डॉक्टरांनी स्वतः रुग्णाशी बोलावं. नवा नमुना निघाला की त्याच्या फॉर्मवर "आधीचा नमुना वाहतुकीत बाद" असं लिहा आणि जुना लॅब क्रमांक द्या, म्हणजे लॅबवाले तो रांगेत मागे टाकणार नाहीत.